शेततळ्याचे पाणी हिरवे होते तेव्हा

श्रीगोंदा तालुक्यात लिंबाचा खरा पैसा उन्हाळ्यात असतो. हस्त बहराची फळे मार्च ते मे या काळात तोडणीला येतात. रसवंत्या सुरू झालेल्या असतात, भाव चढलेला असतो. नेमक्या याच महिन्यांत विहिरी तळाला जातात, कुकडी कालव्याचे पुढचे आवर्तन कधी सुटणार याची वाट पाहणे सुरू होते आणि बाग शेततळ्यावर येते. शेततळ्याचे पाणी हिरवे होते तेही याच दिवसांत. फिल्टरची जाळी तासाभरात चोंदते, ओळीच्या टोकाचे ड्रिपर थेंबही टाकत नाहीत आणि फळ पोसायच्या वेळी झाड तहानलेले राहते. शेवाळ ही दिसायला किरकोळ अडचण असली, तरी तिचा घाव थेट वर्षाच्या उत्पन्नावर बसतो. म्हणून तिचा नीट, मुळापासून आढावा घ्यायला हवा.

शेवाळावरचे अनेक सल्ले आपल्याकडे आले ते पोहण्याच्या तलावांवरून. अंगणात उभ्या करायच्या पोहण्याच्या गोल टाकीत पंधरा-सतरा हजार लिटर पाणी असते. ते पाणी रोज काही तास फिल्टरमधून फिरवतात, त्यात क्लोरीन ठरावीक पातळीवर टिकवतात, भिंती ब्रशने घासतात, रात्री वरून झाकणही घालतात. आता आपले शेततळे पाहा. शासनाच्या योजनेतले ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीचे आणि ३ मीटर खोलीचे, एकास एक उताराचे तळे धरले, तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. ते फिरत नाही, झाकलेले नसते आणि महिनोन्‌महिने उन्हात पडून असते. अंगणातल्या टाकीपेक्षा सव्वाशे पटींहून मोठ्या असलेल्या या साठ्याला टाकीचे उपाय तसेच लावले, की पैसा जातो आणि शेवाळ राहते.

ही तळी आली कशी, हे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळी झाली. २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि तळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. मूळ कल्पना पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्याची होती. प्रत्यक्षात अवर्षणप्रवण भागात अनेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद अंथरून विहिरीचे, बोअरचे किंवा कालव्याचे पाणी उपसून त्यात भरले जाते. अभ्यासक ईश्वर काळे यांनी २०१७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये या वापराची कठोर चिकित्सा केली. जमिनीच्या पोटात सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवायचे आणि त्याची वाफ होऊ द्यायची, हा त्यांचा आक्षेप मला पटतो. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले, तरी ३० बाय ३० च्या भरलेल्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर जाते. ज्या उन्हाने वाफ होते, त्याच उन्हावर शेवाळ वाढते. हे दोन्ही प्रश्न एकाच कारणाचे आहेत, हे पुढे उपाय निवडताना उपयोगी पडते.

शेवाळ म्हणून आपण ज्याला एकाच नावाने ओळखतो, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली एकपेशीय तरंगती शेवाळे. यांच्यामुळे सगळे पाणी पोपटी दिसते, पण हाताला काही लागत नाही. दुसरी तंतुमय. ही केसांच्या जटांसारखी कडेच्या कागदाला चिकटून वाढते आणि दुपारी प्राणवायूच्या बुडबुड्यांमुळे सुटून वर तरंगते. तिसरी निळी-हिरवी. शास्त्राच्या दृष्टीने हे शेवाळ नसून जीवाणू आहेत. वारा पडला की पाण्यावर रंगाच्या सायीसारखा थर जमतो, आणि तो कुजला की घाण वास सुटतो.

हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. तंतुमय शेवाळ जाळीच्या फिल्टरला गुंडाळते, पण ते हाताने किंवा जाळ्याने ओढून काढता येते. एकपेशीय शेवाळ काही मायक्रॉन आकाराचे असते आणि ठिबकाच्या नेहमीच्या फिल्टरची भोके सव्वाशे-दीडशे मायक्रॉनची, त्यामुळे ते आरपार जाते. काळ्या लॅटरलमध्ये उजेड नसल्याने ते तिथे वाढत नाही, मरते. मेलेल्या पेशींवर जीवाणू पोसतात, त्यांचा बुळबुळीत थर नळीच्या आत बसतो, त्यात गाळाचे कण अडकतात आणि ड्रिपर बंद पडतो. म्हणजे ड्रिपरमध्ये जे सापडते ते बहुतेक वेळा जिवंत शेवाळ नसून त्याच्यावर पोसलेला चिकटा असतो.

निळ्या-हिरव्या प्रकाराकडे मात्र जास्त गांभीर्याने पाहायला हवे. त्यांच्या काही जाती विष तयार करतात. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचे असे पाणी पिऊन जनावरे मेल्याची नोंद ‘नेचर’ नियतकालिकात केली, ती या विषयातली पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. श्रीगोंद्यात काष्टीचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे, गावोगावी गाई आहेत, मेंढरांचे कळप फिरतात. पाण्यावर निळसर-हिरवी साय दिसत असेल, तर ते पाणी जनावरांना पाजू नये.

आता मूळ प्रश्न. शेवाळ येते कशामुळे? त्याला ऊन, उबदार साचलेले पाणी आणि अन्न लागते. ऊन आणि ऊब आपल्या भागात कधीच कमी पडत नाहीत. उरते अन्न, म्हणजे नत्र आणि स्फुरद. यातले निर्णायक कोणते, याचा सर्वांत बोलका प्रयोग कॅनडात झाला. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑन्टारिओमधल्या ‘लेक २२६’ या छोट्या तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून काढलेले त्याचे छायाचित्र आजही विद्यार्थ्यांना दाखवतात.

किती स्फुरद पुरते? एका लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद असले, तरी पाणी शेवाळाला पोषक होते. हा हिशेब २,१९६ घनमीटरच्या तळ्याला लावला, तर ६६ ग्रॅम स्फुरद भरते. डीएपीमध्ये स्फुरद मूलद्रव्य म्हणून सुमारे वीस टक्के असते. म्हणजे जेमतेम ३३० ग्रॅम डीएपीतले स्फुरद बावीस लाख लिटर पाणी हिरवे करायला पुरेसे आहे. खताचे पोते बांधावर फुटले, व्हेंच्युरीतून उलटा प्रवाह आला, उसाच्या सरीतले पाणी तळ्यात उतरले, गोठ्याच्या बाजूचा पहिला पाऊस आत आला, यातले एकही कारण एवढ्या स्फुरदासाठी कमी नाही. शेवाळाच्या औषधावर खर्च करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा आधी मनाशी ठेवावा.

कालव्याच्या पाण्याचेही असेच आहे. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणे वर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात. तिथून निघालेले पाणी शेतांच्या, गावांच्या कडेने लांबचा प्रवास करून श्रीगोंद्यात पोहोचते. वाटेत माती, खत, कुजका पाला घेते. सुरुवातीच्या गढूळ पाण्यात मातीचे कण जास्त आणि स्फुरद मातीच्या कणांना चिकटून असतो. म्हणून आवर्तन सुटले की लगेच मोटार चालू करून पहिले पाणी तळ्यात ओढण्याची घाई नडते. पाणी निवळल्यावर भरले, किंवा तळ्याच्या तोंडाशी छोटी गाळटाकी बांधून त्यातून घेतले, तर गाळ आणि त्याच्याबरोबरचे खाद्य बाहेर राहते. पाळीचे पाणी मोजके असते, चार दिवसांत जेवढे ओढता येईल तेवढे ओढायचे असते, हे खरे आहे. तरीही गाळटाकीचा एकदाचा खर्च दरवर्षीच्या औषधापेक्षा स्वस्त पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट पाहायची तर भीमेवरच्या उजनीकडे बघावे. पुण्याकडून येणारे सांडपाणी पोटात घेणाऱ्या त्या जलाशयाचे पाणी हिरवे होण्याच्या बातम्या वारंवार येतात. तिथे औषध टाकून उपयोग नाही, हे सगळ्यांना कळते. शेततळ्याच्या बाबतीतही तेच खरे आहे.

आता मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. शेवाळ म्हटले की दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे हेच नाव घेतात, आणि त्याला आधार आहे. १९०४ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी पाणीसाठ्यातले शेवाळ मोरचुदाने मारता येते हे दाखवले, तेव्हापासून ते जगभर वापरात आहे. ते काम करते. प्रश्न आहे तो मात्रेचा आणि परिणामांचा.

आपल्या भागातले विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. अशा पाण्यात तांबे लवकर साक्याच्या रूपात खाली बसते आणि शेवाळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मत्स्यतळ्यांसाठी क्लॉड बॉइड यांनी रूढ केलेला साधा नियम असा आहे की पाण्याची अल्कता लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजून तिला शंभराने भागावे, येईल तेवढे मिलिग्रॅम मोरचूद दर लिटरला वापरावे. अल्कता २०० असेल तर लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण भरलेल्या तळ्याला सुमारे ४.४ किलो. अल्कता ५० च्या खाली असेल तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूद टाकूच नये.

चूक होते ती पाणी मोजण्यात. एप्रिलमध्ये तळे निम्म्या खोलीवर आलेले असते. उताराच्या कडांमुळे तेव्हा साठा निम्माही नसतो. दीड मीटर खोलीला तो ९७६ घनमीटर भरतो. भरलेल्या तळ्याची मात्रा तेव्हा टाकली, तर ती सव्वादोन पट होते. शिवाय सगळे शेवाळ एका दिवसात मेले, की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि पहाटे मासे वर येऊन तोंड काढू लागतात. म्हणून एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, आठवड्याच्या अंतराने, सकाळी ऊन असताना फवारावे. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवावे, लोखंडी भांड्यात नको. निळ्या-हिरव्या प्रकारावर वापरले तर पेशी फुटून आतले विष पाण्यात मोकळे होते, त्यामुळे ते पाणी जनावरांना लगेच देऊ नये. मेंढ्यांना तर तांबे इतर जनावरांपेक्षा फार कमी मात्रेत बाधते. आणि हे तांबे नाहीसे होत नाही. ते तळाच्या गाळात साठते, तो गाळ आपण नंतर खत म्हणून शेतात पसरतो. म्हणूनच दर महिन्याला मूठभर मोरचूद टाकण्याच्या सवयीला माझा विरोध आहे.

टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर गावात सहज मिळते, म्हणून तीही तळ्यात टाकली जाते. उघड्या तळ्यात क्लोरीन कडक उन्हात काही तासांत उडून जाते, उरलेले पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर खर्च होते, आणि मासे असतील तर मरतात. तिची खरी जागा ठिबकाच्या नळ्यांत आहे. नळीत लिटरला १० ते २० मिलिग्रॅम क्लोरीनचे पाणी अर्धा ते एक तास थांबवून मग टोके उघडून धुतली, की आतला चिकटा सुटतो. क्षारांसाठी आम्ल, शेवाळाच्या चिकट्यासाठी क्लोरीन, हे दोन वेगळे उपचार आहेत. ते वेगवेगळ्या दिवशी, मध्ये नळ्या स्वच्छ पाण्याने धुऊन करावेत. आम्ल आणि ब्लिचिंग एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो आणि तो जीव घेऊ शकतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा पर्याय अलीकडे पुढे आला. नेदरलँडमधल्या कुट्सहाउस तलावात २००९ साली लिटरला २ मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत ते मिसळून निळ्या-हिरव्या जीवाणूंचा बहर मोडला, आणि इतर जीवांना फारसा धक्का लागला नाही. पेरॉक्साइड फुटून पाणी आणि प्राणवायू होतो, मागे काही उरत नाही. भरलेल्या तळ्याला ५० टक्क्यांचे द्रावण सात-साडेसात लिटर लागेल. परंतु ते समान मिसळावे लागते, हाताला आणि डोळ्यांना भाजते, आणि खाद्य कायम असेल तर शेवाळ पुन्हा येते. मोरचुदापेक्षा मी ते पसंत करीन, पण अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली.

मासे सोडावेत का? सरसकट हो म्हणता येत नाही. चंदेरा मासा तरंगते शेवाळ गाळून खातो. चीनमधल्या वुहान शहराच्या दोंगहू तलावात चंदेरा आणि त्याच्या भाईबंद माशांची संख्या वाढल्यावर १९८५ च्या सुमारास निळ्या-हिरव्या जीवाणूंचे बहर थांबले. मात्र बारीक शेवाळ त्यामुळे वाढू शकते, कारण मासा खातो त्यातले बरेचसे खाद्य विष्ठेतून पाण्यात परत येते. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो, पण पाणी हिरवे करण्यात त्याचा हात लागतो. मासे विक्रीसाठी वाढवायचे असतील तर त्यांना पेंड-कोंडा घालावा लागतो, आणि तो घातला की शेवाळाचे खाद्य आपणच वाढवतो. थोडे चंदेरा सोडून त्यांना बाहेरचे खाद्य न देणे, एवढे केले तर फायदा आहे. मत्स्यव्यवसाय आणि निर्मळ ठिबक या दोन्ही अपेक्षा एकाच तळ्याकडून करू नयेत.

इंग्लंडमध्ये १९९० च्या सुमारास जवाचे काड पाण्यात कुजवून शेवाळ रोखण्याचे प्रयोग झाले. परिणाम कधी दिसला, कधी नाही, आणि जिथे दिसला तिथेही शेवाळ येण्याआधी काड टाकावे लागले. गव्हाचे काड त्या जागी चालेल असे मानून ते तळ्यात टाकू नये. कुजणारा पाला म्हणजे आणखी खाद्य. बाटलीतल्या जीवाणूंच्या द्रावणांबद्दलही मी सावध राहायला सांगेन. खात्रीने फरक पडेल असे म्हणण्याइतका पुरावा त्यांच्या बाजूने नाही. तुरटी मात्र पाण्यातला स्फुरद आणि गढूळपणा दोन्ही तळाशी नेते. भरणीनंतर एकदा तिचा उपयोग जरूर करावा.

सावलीचे काय? लॉस एंजेलिस शहराने २०१५ साली आपल्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर नऊ कोटी साठ लाख काळे प्लॅस्टिकचे चेंडू सोडले. ऊन अडले, बाष्पीभवन घटले, शेवाळही कमी झाले. आपल्याला तेवढे परवडणारे नाही. पण ३० बाय ३० ऐवजी लहान तळ्यावर तारा ताणून शेडनेट टाकता येते. ज्याच्याकडे छोटे तळे आणि महागडी बाग आहे, त्याने हा हिशेब मांडावा, कारण इथे शेवाळ आणि वाफ या दोन्हींवर एकच खर्च होतो.

सगळ्यांत स्वस्त उपाय तळ्याबाहेर मोटारीजवळ आहे. शेवाळ वरच्या थरात असते, गाळ तळाशी. सक्शनचा पाइप तळाशी टाकला तर गाळ येतो, वर ठेवला तर शेवाळ. हवाबंद ड्रमला पाइप बांधून त्याचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली अर्धा-पाऊण मीटर राहील अशी सोय केली, की पाणी उतरेल तसा पाइपही उतरतो आणि मधले स्वच्छ पाणी मिळते. तळ्यावरून चालणाऱ्या ठिबकाला केवळ जाळीचा फिल्टर पुरत नाही. आधी वाळूचा आणि मग जाळीचा किंवा चकत्यांचा हवा. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दोन दाबमापके लावावीत, आणि फरक अर्ध्या किलोपर्यंत गेला की बॅकवॉश करावा. उघड्यावरचे पांढरे पीव्हीसी पाइप मातीत गाडावेत, कारण त्यांतून थोडा उजेड आत जातो.

वर्षातून एकदा, मेअखेरीस तळे रिकामे होते तेव्हा कागद धुण्याची संधी मिळते. ओले शेवाळ खरवडू नये. दोन दिवस उन्हात वाळू दिले की पापुद्रे सुटतात, मग मऊ खराट्याने गोळा करून बाहेर न्यावेत. फावडे, घमेल्याची कड, खिळ्याचे बूट यांनी ५०० मायक्रॉनचा कागद फाटतो. आणि तो रिकामा उन्हात फार दिवस ठेवला तर अतिनील किरणांनी ठिसूळ होतो. गोळा केलेला गाळ तळ्याच्या बांधावर टाकू नये, पहिल्या पावसात तो परत आत येतो. मोरचूद वापरले नसेल तर तो लिंबाच्या आळ्यांत घालावा.

शेवाळाचा सगळ्यांत भयानक परिणाम ठिबकाशी संबंधित नाही. दर उन्हाळ्यात शेततळ्यात बुडून मुले आणि मोठी माणसे दगावल्याच्या बातम्या अहिल्यानगर, नाशिक, सोलापूरकडून येतात. गरमीत मुले पोहायला उतरतात, कोणी पाणी काढायला वाकतो, कोणी कडेचे शेवाळ काढताना घसरतो. ४५ अंशांचा उतार, प्लॅस्टिकचा ओला कागद आणि त्यावर शेवाळाची बुळबुळ, यातून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. वाचवायला उडी मारणारा दुसराही अडकतो. विहिरीला निदान पायऱ्या किंवा कपारी असतात, इथे हाताला धरायला काही नसते. शेततळे हा पोहण्याचा तलाव नाही, हे मुलांना घरातल्या मोठ्यांनीच सांगायला हवे.

तेव्हा ज्यांच्या शेतात तळे आहे, त्या प्रत्येकाला एक विनंती. यंदाचे आवर्तन सुटण्याआधी तळ्याच्या चारही कडांना खांब रोवून पाण्यापर्यंत पोहोचतील असे गाठी मारलेले जाड दोर बांधा, दोन फुगवलेल्या ट्यूब काठावर ठेवा, कुंपणाच्या दाराला कुलूप लावा, आणि शेवाळ काढायला कधीही एकट्याने उतरू नका. मोरचुदाचा विचार त्यानंतर, पाण्याची अल्कता तपासून घेतल्यावर करा.